पुलीवरला गोल ठिपका

आख्ख्या जळकोटात नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं सांगणारा म्या एकटाच. ते दुखणं बहुतेक येळा म्याच लावलेलं असतंय, म्हणून वळखू येतंय.

सासूच्या मोतीबिंदूची तारीख लागली व्हती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी आठला, सोलापूरच्या दवाखान्यात. आधी दोन येळा हुकलेली. एकदा साखर वाढली, एकदा डाक्टरच आला न्हाय. बाई ताटातली भाकरी चाचपून खायाची. म्हनलं, घरात चारचाकी असताना यष्टीनं कशाला.

पण गाडीचा पाण्याचा पंप गळायला व्हता. पंप बदलायचा तर टायमिंगचा पट्टा काढावा लागतंय. शाळेची पायरी चढलो न्हाय, पण एवढं ठावं हाय की पट्टा काढायच्या आधी पुलीवर, म्हंजे पट्टा फिरतंय त्या चाकावर, खूण करायची, अन् बसवताना ती जिथल्या तिथं आणायची. पट्ट्याचे दोन दात इकडचे तिकडं झाले की इंजिनाचं डोकं फिरलं. म्या लाल ऑईलपेंटानं ठिपका दिला अन् पट्टा काढला.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. हत्यारांसंगट उघड्या इंजिनाचीबी पूजा केली. सासूला दिसंना, म्हणून म्याच तिचा हात धरून पुढं नेला. "लावा मामी कुंकू, कुठंबी लावा." तिनं लावलं.

दसऱ्याला सकाळी नवा पंप लावून पट्टा चढवायला घेतला, तर वरच्या पुलीवर दोन लाल ठिपके. एक वाकडातिकडा, पसरलेला. दुसरा गोल गरगरीत. म्हनलं, एवढं नीट काम म्हाजंच असणार. गोल ठिपका धरून पट्टा बसवला.

गाडी चालू झाली. म्हंजे खोकली, बंद पडली, परत चालू झाली. जागेवर अशी थरथरायली की वर ठेवलेला पाना नाचत नाचत खाली पडला. पाय दाबला की सायलेन्सरातून फटाक.

शेजारचा म्हनला, "दिवाळीला टाइम हाय की अजून."

मंग म्या एका जागी ठरंना. प्लग काढले, घासले, बसवले. परत काढले. पेट्रोलचा फिल्टर फुंकला, घोटभर पेट्रोल तोंडात गेलं. प्लगच्या वायरी अदलाबदल केल्या अन् कुठली कुठं व्हती तेच इसरलो. त्या जुळवण्यात दुपार गेली. सणाचं सगळे गॅरेज बंद. हायवेवर नेऊन बघितली, तर चढाला दुसऱ्या गेरातबी ओढंना. मागून ट्रकवाले हारन मारायले.

घरी आलो तर बायको दारात. "आमी यष्टीनं जाताव."

"थांब की, झालंच."

"सकाळपासून झालंच म्हनायलाव."

सासू ओट्यावर बसलेली. दवाखान्याच्या कागदाची पिशवी आत्ताच मांडीवर. म्हाज्याकडं न बघताच म्हनली, "पाव्हणं, उद्या जायाचं हाय नव्हं?"

ही तारीख हुकली तर पुढली कवा, कुणाला ठावं. चार वाजले असतील. परत कव्हर खोललं. कायच सुचंना म्हणून पेट्रोलच्या फडक्यानं पुली पुसली. फडकं लाल झालं. बघतो तर गोल ठिपका गायब. वाकडा तिथंच.

कुंकू पुसलं व्हतं. पेंट कशाला पुसतोय.

वाकड्या ठिपक्यावर पट्टा बसवला अन् गाडी गपगार चालू झाली. तरी म्या अंधार पडोस्तोर धा येळा चालू-बंद करून बघितली.

सकाळी निघालाव. नळदुर्ग मागं पडलं, गाडी पाण्यावानी पळायली, तशी म्हाजी जीभबी सुटली. आरशात बघत म्हनलं, "मामी, तुमच्या कुंकवानं कालचा दिवस वाया घातला बरं का. पुलीवर लावलंव तुम्ही. एवढंबी दिसलं न्हाय?"

"मला दिसंना म्हणून तर दवाखान्यात चालले," ती म्हनली. "तुमाला दोन डोळे हायत. गप म्होरं बघून चालवा."