अंबुबाईच्या कपाळावरची आठी

निपाणीतल्या आण्णाप्पांच्या तंबाखूच्या वखारीत अंबुबाई मुकादम झाली, तेव्हा तिचं तिलाच नवल वाटलं. बारा वर्षं ती तिथंच बायकांच्या रांगेत बसून पाल्यातल्या काड्या निवडत आली होती. आधीचा मुकादम दिवसभर ओरडायचा. आपण तसं करायचं नाही, एवढंच तिनं मनाशी ठरवलं, आणि १९३५ सालापासून ती तीस बायकांवर देखरेख करू लागली.

ती कुणाला टाकून बोलली नाही. तरी काम मंदावलं. ती रांगेच्या टोकाशी उभी राहिली की गप्पा थांबत, हात अडखळत. ती पुढं सरकली की मागं कुजबुज सुरू. हे काय गौडबंगाल आहे, तिला कळेना. अशात एके दिवशी अंजनी यायची बंद झाली. तिच्यासारखा चपळ हात अख्ख्या वखारीत नव्हता. दोन दिवस वाट बघून अंबुबाई तिच्या घरी गेली.

"का गं, आजारी हायस?"

"न्हाय आक्का. दुसऱ्या वखारीत जाणार हाय."

"आनि ते का?"

अंजनीनं मान खाली घातली. "तुमी रोज माझ्यावर रागावताय."

"मी? कवा? एक शबूद तरी बोलले का तुला?"

"तोंडानं न्हाय वो. कपाळानं."

अंजनीनं कोनाड्यातला आरसा काढून तिच्या हातात दिला. "तोंडाला पदर बांधा. माझ्याकडं लांबनं बघता तसं डोळं करा, आनि मग बघा ह्यात."

तंबाखूची धूळ नाकातोंडात जाऊ नये म्हणून वखारीत सगळ्याच बायका नाकापर्यंत पदर बांधत. अंबुबाईनं तसाच बांधला, डोळे बारीक केले आणि आरशात पाहिलं. आतून एक करवादलेली, चिडकी बाई तिच्याकडं बघत होती. भुवया जुळलेल्या, कपाळावर ही एवढी आठी!

अलीकडं तिला लांबचं नीट दिसत नव्हतं. त्यात वखारीतला उजेड मिणमिणता. अंजनीची बोटं कशी चालतात ते कौतुकानं न्याहाळायला ती डोळे ताणत होती.

"अगं, मी हसत असते गं त्या वक्ताला!"

"हसू पदराआड ऱ्हातंय आक्का. आमाला आठी तेवढी दिसती."

मग दोघी पोट धरून हसल्या. दुसऱ्या दिवशी अंजनी कामावर आली.

त्या दिवसापासून अंबुबाईनं रांगेच्या टोकाशी उभं राहणं सोडलं. ती बायकांसमोर बसून स्वतःही काड्या निवडू लागली, जवळून बघू लागली. आणि तिला जणू नवा छंदच जडला: माणसं न बोलता काय काय सांगतात! मालुबाईचा डावा खांदा उतरला की ती थकली. नागुबाई मनगट चोळू लागली की हात भरून आला. अंबुबाई काही न विचारता पाण्याचा तांब्या पुढं सरकवायची. काम पुन्हा रुळावर आलं.

उजेड यावा म्हणून छपरात काचेची कौलं बसवा, असं तिनं आण्णाप्पांना सांगितलं.

"व्हय व्हय, पुढल्या साली," ते गोड आवाजात म्हणाले. पण त्यांचे पाय बोलता बोलताच दाराकडं वळले होते. पुढल्या सालीही उत्तर तेच, आणि पायही तसेच. ह्या बोलण्यात दम नाही, हे अंबुबाईनं ओळखलं.

"आभाळ भरून काळोख झाला की मी हात थांबवीन," ती बायकांना म्हणाली. "तुमीबी थांबवा. वरडायचं न्हाय, उठायचं न्हाय."

चार दिवसांनी दुपारीच अंधारून आलं. अंबुबाईनं हात मांडीवर ठेवले. रांगेनं तीस जणींचे हात मांडीवर आले. पाल्याची सळसळ थांबली तसे आण्णाप्पा गादीवरून उठून आत आले. पदराच्या वरून तीस जोड्या डोळे त्यांच्याकडं बघत होते.

"काय झालं? काय पायजे?"

अंबुबाईनं बोट वर छपराकडं केलं.

आण्णाप्पांनी वर बघितलं, मग समोरच्या ढिगातला पाला उचलून डोळ्यांजवळ धरला. त्यातली काडी त्यांनाही दिसेना. ह्या वेळी त्यांचे पाय जागचे हलले नाहीत.

आठवड्याभरात चार काचेची कौलं बसली. सकाळचं ऊन थेट मागच्या रांगेपर्यंत उतरलं. त्या सालीच कामाला लागलेली, मागच्या रांगेत बसणारी जयाबाई डावखुरी आहे, हे अंबुबाईला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. डोळे न ताणता ती किती तरी वेळ तिच्या हाताकडं बघत बसली.