गाळलेली शिफारस

माझी मोठी मावशी सरकारी छापखान्यात वाचक होती. मूळ कागद हातात धरून तिने मोठ्याने वाचायचं आणि समोरच्या तपासनिसाने छापील प्रुफावर बोट ठेवून ते ताडून पाहायचं, असं ते काम. विरामचिन्हंसुद्धा वाचायची. ती सवय घरापर्यंत आली होती. "चहा घे स्वल्पविराम गार होतोय," असं ती सहज म्हणून जायची आणि आम्ही भाचरं हसून लोळायचो.

समोरच्या खुर्चीवरच्या तपासनिसांना सगळे भिंगवाले म्हणत. जाड चष्मा, वर हातात भिंग. ते मावशीला 'बाई' म्हणत. एकेक वाक्य संपलं की ते "हं" म्हणायचे. हं म्हणजे जुळलं, पुढे चला. हं आलं नाही की मावशी थांबायची. टेबलाखालून यंत्रांची थरथर यायची, खिडकीच्या गजांना शाईचा वास चिकटलेला असायचा, आणि त्या दोघांचं हे वाचन आणि हं दिवसभर चालायचं.

मावशीने लग्न केलं नाही. कुणी त्यावरून चुकचुकलंच तर म्हणायची, "माझा शब्द न् शब्द ऐकणारा माणूस रोज समोर बसतो. तुमच्यापैकी कुणाचा नवरा ऐकतो गं?" यावर आई हमखास स्वयंपाकघरात निघून जायची.

प्रांताचा कारभार सुधारण्यासाठी सरकारने एक समिती नेमली होती. तिचा जाडजूड अहवाल छपाईला आला.

"एकाच कामाची दोन खाती एकत्र करावीत पूर्णविराम," मावशीने वाचलं.

"हं. म्हणजे दोन मंत्र्यांना एक खोली?"

"खोली एक, खुर्ची एक. जो आधी पोचेल त्याची."

"मग लवकर उठतील तरी. सुधारणाच म्हणायची. वाचा बाई."

नागरिकांच्या अर्जांना ठरलेल्या मुदतीत उत्तर द्यावं. दूरच्या तालुक्यांना आपला खर्च आपण ठरवू द्यावा. बदल्यांमधली ढवळाढवळ थांबवावी. मावशीला हे सगळं मनापासून पटत होतं. "कुणीतरी शहाण्या माणसाने लिहिलंय हो," ती म्हणाली.

वाचकाचे डोळे तोंडाच्या पुढे धावतात. तसे तिचे धावले आणि पुढच्या परिच्छेदावर अडले. सरकारी छापखान्यात प्रुफं तपासायला दोन माणसं लावण्याची पद्धत बंद करावी, हे काम यापुढे एकाच कर्मचाऱ्याकडे द्यावं, असं तिथे लिहिलं होतं.

ते तिच्या तोंडून निघेना. तिने तो परिच्छेद गाळला आणि थेट सरकारी वाहनांच्या वापरावरचं पुढचं वाक्य वाचलं. भिंगवाल्यांचं बोट थांबेल, ते मान वर करतील, आणि मग दोघं मिळून काय ते बोलतील, असं तिला वाटलं होतं.

"हं," भिंगवाले म्हणाले.

मावशीने कागद खाली ठेवला. "मी एक परिच्छेद गाळला."

बोट तसंच पुढे सरकलं, मग थांबलं. "कधी?"

"आत्ताच."

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला, बराच वेळ पुसला. "वर्ष होत आलं बाई. पांढऱ्यावर करडं दिसतं, बाकी काही नाही. खिळे जुळवणारा हुशार आहे, चुका फारशा नसतात. आणि हं कुठे म्हणायचं ते तुमच्या आवाजावरून कळतं."

"मला सांगायचं नाही?"

"तुम्हालाच कसं सांगणार?" मग म्हणाले, "मोठा होता परिच्छेद?"

"आपल्यावरच होता."

"मग वाचा."

मावशीने वाचला, स्वल्पविरामांसकट. शेवटी त्यांनी हं म्हटलं.

अहवाल वाजतगाजत बाहेर आला आणि सरकारी कपाटात गेला. खाती वेगळीच राहिली, अर्ज पडून राहिले. छापखान्याची शिफारस तेवढी अमलात आली, कारण ती सोपी होती. व्यवस्थापकांनी दोघांना बोलावलं.

"एकालाच ठेवता येईल. नजर कुणाची चांगली?"

भिंगवाल्यांच्या पगारावर सून, मुलगा आणि नातवंडं जगत होती. मावशीच्या मागे कुणी नव्हतं. "त्यांचीच," ती म्हणाली. "मला तर साहेब, तुमच्या डोक्यावरचे केससुद्धा दिसत नाहीत."

साहेबांना टक्कल होतं. ते हसले आणि विषय मिटला. भिंगवाले शेजारीच उभे होते. मावशी दारापर्यंत गेली, तिथे थोडी थांबली, आणि मागून काहीच आलं नाही तेव्हा बाहेर पडली.

तिचा त्यागही वाया गेला. सरकारी अहवालातली चूक सापडायला आधी तो कुणीतरी वाचावा लागतो. बदल्यांचा आदेश मात्र सगळेच वाचतात. भिंगवाल्यांनी एकट्याने तपासलेल्या आदेशात दोन अधिकाऱ्यांच्या जागांची अदलाबदल झाली. ओरड झाली, डॉक्टरी तपासणी झाली आणि तेही घरी बसले.

कळल्यावर मावशी त्यांच्याकडे गेली होती. सुनेने दारातच सांगितलं, "बाबा झोपलेत." आत रेडिओ चालू होता. मावशीचा आवाज ऐकून कुणीतरी तो बारीक केला.

ती पुन्हा त्यांच्याकडे गेली नाही. ते कधी आले नाहीत.

आता दुपारी ती खिडकीशी बसून पेपर मोठ्याने वाचते. प्रत्येक वाक्यानंतर थांबते. श्वास घ्यायला थांबत असेल, असं मला आधी वाटायचं. परवा ती वाचत होती, नव्या सरकारने कारभार सुधारण्यासाठी नवी समिती नेमली आहे पूर्णविराम. ती थांबली. मी पलंगावर छताकडे बघत पडले होते. तो थांबा मला सोसवेना. मी म्हटलं, "हं."

मावशीने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"न बघता नको गं म्हणूस," ती म्हणाली आणि तिने पेपरची घडी घातली.