तीर्थापुरता हात

माणसाला जन्मभरात जेवढे धक्के झेपतात, तेवढे मला माझ्या साडूंनी एकट्याने दिले आहेत आणि अजून त्यांचं समाधान झालेलं नाही. नाशिक रोडला राहणारा, अंबडच्या कारखान्यात यंत्रांचे आराखडे काढण्यात हयात घालवलेला, दिसायला अत्यंत सरळ असा हा गृहस्थ. पहिला धक्का त्यांनी दिला तो निवृत्तीला चांगला अवकाश असताना नोकरी सोडून. कारण विचारलं तर म्हणाले, "हिचा हात उचलायचाय."

ही म्हणजे त्यांची बायको, माझी थोरली मेव्हणी. आम्ही सगळे त्यांना ताई म्हणतो. अर्धांगाच्या झटक्यातून ताई सावरल्या, चालू-बोलू लागल्या, पण उजवा हात जो खाली राहिला तो राहिलाच. साडूंनी ठरवलं, त्या हाताला बाहेरून दुसरा हात जोडायचा. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, कोपराशी छोटी मोटर, दंडाला पट्टा. अंगात घालायचं यंत्रच. गच्चीवरच्या खोलीत त्यांनी कारखाना थाटला आणि त्या दिवसापासून आमच्या नातेवाइकांत कुणाचाही हात सुरक्षित राहिला नाही.

"घालणाऱ्याच्या अंगाला बसलं नाही, तर ते यंत्र नव्हे, बेडी," असं त्यांचं म्हणणं. त्यापायी भेटेल त्याचं माप. माझ्या पुतण्याच्या लग्नात अक्षता पडल्याबरोबर हे स्टेजवर गेले, नवरदेवाला कडकडून मिठी मारली आणि खाली येऊन टेप गुंडाळत मला म्हणाले, "दंड लांब आहे हो पोराचा." मी गार पडलो. पहिलं यंत्र स्वतः घालून ते भाजी आणायला गेले, तर बिटको चौकात ते बिघडलं आणि हात आपला आपण वर जाऊ लागला. हात वर गेला की रिक्षा थांबे. शेवटी एका रिक्षावाल्याने शिवी हासडल्यावर साडू भिडेखातर आत बसले आणि भाजी न घेताच घरी आले. उतरले तेव्हाही हात वरच होता.

ते दुरुस्त होऊन ताईंच्या हातावर चढलं. स्वयंपाकघरातल्या फळीची उंची मोजून साडूंनी ते बेतलं होतं. हात सुरेख वर गेला, ताईंनी डबा काढला, परत ठेवला आणि यंत्र उतरवून खुंटीला अडकवलं. "डबे मी केव्हाच खाली ठेवलेत," त्या म्हणाल्या. मग काय हवंय, असं विचारलं तर "मला काही नको." कुठे बोलावलं तर यायच्या नाहीत. गुडघे दुखतात म्हणायच्या. कॉलनीतली एक पूजा न चुकवणारी ही बाई घरात बसून राहिली, हे बघून आमचा जीव तुटायचा.

बायको सांगत नाही म्हटल्यावर साडूंनी तिच्या जागी जाऊन बसायचं ठरवलं. स्वतःचा उजवा हात पोटाशी बांधून घेतला. बटणं डाव्या हाताने, जेवण डाव्या हाताने, दाढीही डाव्याच हाताने, त्यामुळे गालावर चिकटपट्ट्या. नेमका तेव्हाच माझ्याकडे सत्यनारायण. साडू तसेच हजर. गुरुजींनी तीर्थाची पळी पुढे केली आणि यांनी डावा हात पसरला. पळी हवेतच राहिली. गुरुजी माझ्याकडे बघतात, मी भिंतीकडे. शेवटी माझी आई म्हणाली, "अहो, डाव्या हातावर तीर्थ?" साडूंचा हात तसाच पसरलेला आणि चेहरा असा उतरला, की मला वाटलं यांनाही झटका येतोय.

"म्हणून ती येत नाही," ते पुटपुटले आणि तीर्थ न घेताच चपला घालून निघून गेले. ताईंना कुणी काही बोललं नसतं, पण डाव्या हातावर तीर्थ घेणं त्यांचं त्यांनाच चाललं नसतं. आणि इतक्या दिवसांत आमच्यापैकी एकाच्याही हे डोक्यात आलं नव्हतं.

साडूंनी खुंटीवरचं यंत्र मोडलं. नव्या हाताला फळीशी कर्तव्य नव्हतं. तळवा उताणा व्हायला हवा, खोलगट राहायला हवा आणि पाणी न सांडता ओठांपर्यंत जायला हवं. एकदा गच्चीवर गेलो तर साडू ताईंच्या हातावर पळीने पाणी घालतायत, त्यांची साडी भिजतेय, आणि ताई खुर्चीतून हुकूम सोडतायत, "इतक्या घाईने नको. तीर्थ आहे, औषध नाही. आणि तो आवाज कमी करा, लोकांना वाटेल मिक्सर लावलाय." कितीतरी दिवसांनी त्या मला पूर्वीसारख्या दिसल्या.

परवा आमच्याकडे पुन्हा पूजा होती. ताई आल्या. लांब बाहीखाली यंत्र. पळी पुढे आली, तळवा उताणा झाला, तीर्थ पडलं आणि हात सावकाश निघाला. आईने तोंडातलं स्तोत्र थांबवलं. एक थेंब सांडला नाही. ताईंनी तीर्थ घेतलं, आणि हात तिथेच थांबला. ओला तळवा मग डोक्यावरून फिरवायचा असतो, हे साडूंच्या आराखड्यात नव्हतंच. जन्मभर आम्हाला धक्के देणारा माणूस पांढराफटक पडला. ताईंनी त्यांच्याकडे एकवार पाहिलं, मान वाकवली आणि डोकंच तळव्याशी नेऊन टेकवलं.

साडूंचा हात खिशात गेला. मला वाटलं, आता टेप निघणार. निघाला रुमाल. डोक्यापर्यंत जाणारा हात करायला साडू आजही तयार आहेत. ताईच म्हणतात, "राहू द्या. तेवढं मी वाकते."