दोन्ही वायर लाल

एखादी वस्तू आपल्या हाताने दुरुस्त करायला घ्या. ती होईल न होईल, तिच्याभोवती किस्से मात्र भराभर जमतात. आमच्या एका चार्जरचे इतके जमलेत की ठेवायला खोली लागेल. आणि भांडण खोलीचंच होतं!

चौबे कॉलोनीतल्या मराठी मंडळाच्या मागच्या खोलीत दर रविवारी आमचा मॉडेल विमानांचा क्लब भरायचा. मी, आदित्य आणि कॉलोनीतली आठ शाळकरी मुलं-मुली. मंडळाचे सचिव बारापात्रे काका, रेल्वेतून रिटायर. ते म्हणाले, "दिवाळीच्या संमेलनात विमान उडवून दाखवा, खोली तुमची. नाही तर आम्ही तिथे खुर्च्या ठेवून राहिलो!"

विमानाची बॅटरी चार्ज करायला एकच चार्जर होता. तो जळला.

*

कसा जळला? सप्लायपासून चार्जरपर्यंत एक लाल, एक काळी अशी वायर हवी होती. काकांनी हौसेने आणली. दोन्ही लाल!

"काका, काळी कुठाय?"

"गणपती बसले आहेत न, पोट्टी! मंडळात काळं काहून आणू?"

आदित्यने घाईत जोडली, उलटी जोडली. आतून धूर आला.

"लाल को लाल में ही तो लगाया था!" आदित्य म्हणाला. त्याच्यावर ओरडताही येईना.

*

आतला एक ट्रान्झिस्टर उडाला होता. गोल बाजाराजवळच्या दुकानात मी पार्टचा नंबर सांगितला. दुकानदाराने उत्तर आदित्यकडे बघून दिलं.

मी पुन्हा विचारलं. पुन्हा आदित्यलाच, "भैया, ये बनता नहीं, नया ले लो।"

आदित्य वैतागला. "अंकल, मुझसे मत बोलो। मैंने तो जलाया है। बना ये रही है!"

दुकानदार हसला आणि त्यालाच म्हणाला, "अच्छा, शौक है इनको।"

शेवटी पार्ट मिळाला उरला इंडस्ट्रियल एरियातल्या भंगारात, एका मेलेल्या इन्व्हर्टरमधून. तिथे कोणी 'शौक' म्हटलं नाही. काढून घ्या म्हणाले, बस.

*

नवा पार्ट बसवला की आधी गाडीचा बल्ब सिरीजमध्ये लावून बघतात. बल्ब विझलेला राहिला तर ठीक. भक्क पेटला तर आत अजून शॉर्ट आहे.

भक्क पेटला.

मागे काका टाळ्या वाजवत होते. "लागला न लाइट! शाबास!" मी तोंड उघडेपर्यंत मंडळाच्या ग्रुपवर बातमी गेली होती. पुढचे दोन दिवस मी शॉर्ट शोधत होते आणि फोनवर अभिनंदन घेत होते.

*

शॉर्ट सापडला, काढला. बोर्ड स्पिरिटने पुसून टेबलावर वाळत ठेवला. दिवस नेमका खंडेनवमीचा.

परत येते तर बोर्डावर ओली हळद, कुंकू, अक्षता!

"काका, हे काय केलं?"

"अवजार आहे न तुमचं? आज पूजा नको?"

पूर्ण दुपार दात घासायच्या ब्रशने सर्किटमधलं कुंकू काढलं. या देशात अवजाराच्या पाया सगळे पडतात. ते हातात धरायचं म्हटलं की शौक!

*

संमेलनाला चार्जर चालला. विमान मैदानावरून तीन फेऱ्या मारून उतरलं. मुलं ओरडत धावली. काकांनी माइकवर आमचं कौतुक केलं आणि चार्जरला हार घातला.

पुढच्या रविवारी मुलांना घेऊन गेले, तर खोलीला कुलूप. खिडकीतून डोकावले. भिंतीपाशी काचेची पेटी, आत चार्जर, वर पाटी : 'आमच्या युवांचे यश'. बाकी खोलीभर छतापर्यंत खुर्च्या.

मी काकांना गाठलं. "विमान उडालं ना, काका? मग खोली आमची ना?"

"हव, तुमचीच तर आहे! म्हणून तर चार्जर तिथे ठेवला."

"आणि आम्ही कुठे बसायचं?"

काका खरोखरच गोंधळले. मुलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आता कायले बसता, बेटा? दुरुस्त झाला न तो!"