माझ्या निबंधाचे पंच

अख्ख्या अमरावतीत आयुष्यात एकदाही न चुकलेला माणूस एकच, आणि तो आमच्या घरासमोर राहतो. हे अर्थात त्यांचंच म्हणणं. पण वाद घालायची गल्लीत कोणाची छाती नाही. काका धंद्यानं फुलवाले, मनानं खो-खोचे पंच. सकाळी शेवंती-झेंडू विकायचा, संध्याकाळी मैदानावर उभं राहायचं, आणि गळ्यातली शिट्टी ते आंघोळीलासुद्धा काढत नाहीत अशी आमची खात्री आहे. एकदा तिवशाच्या एका लग्नात हार पोचवायला गेले, तर ऐन वेळी मित्रांनी नवरदेवाला खांद्यावर उचलून धरलं. काकांनी कचकचून शिट्टी मारली. "उतरवा त्याले! पाय जमिनीवर पायजे!" नवरदेव मुकाट्यानं खाली आला आणि नवरीच्या मामांनी काकांना पंगतीत आग्रह करकरून वाढलं. घरीही तीच तऱ्हा. भाजीत मीठ बरोबर आहे असं काकू सांगू लागल्या, की हे हात वर करून म्हणणार, "निर्नय झालेला हाय."

बारावीनंतर मला बंगळूरच्या एका कॉलेजात जायचं होतं. मार्क बेताचे, त्यामुळे सगळी भिस्त अर्जासोबतच्या निबंधावर. विषय होता, तुमचा आवडता खेळ. मी झोकदार इंग्रजीत दोन पानं लिहिली आणि निदान नियम तरी तपासून घ्यावेत म्हणून काकांकडे गेले. इंग्रजीशी त्यांचा संबंध नाही, म्हणून मी एकेक वाक्य मराठीत सांगू लागले. "खो-खोनं मला नेतृत्व शिकवलं." फुर्रर्र! "संघभावना शिकवली." फुर्रर्र! काकू आतून धावत आल्या. त्यांना कुकर वाटला. तिसऱ्या शिट्टीला मात्र मी चिडले.

"काहून शिट्ट्या मारून राहिले, काका?"

"हे तुहं नाई. हे कोनीबी लिवन. अकोल्याची फायनल कुठी हाय याच्यात?"

ती फायनल मी मुद्दाम गाळली होती. अगदी शेवटच्या मिनिटाला माझ्या पाठीला मागून धावणाऱ्या मुलीची निसटती बोटं लागली होती. पंच म्हणून उभ्या असलेल्या काकांना ती दिसली नाहीत. मीच हात वर करून मैदानाबाहेर आले, आणि त्या एका गुणानं आम्ही हरलो. परतताना मूर्तिजापूर येईपर्यंत बसमध्ये माझ्याशी कोणी बोललं नव्हतं.

"ते लिहिलं तर तुमची चूक दिसन, काका."

काकांनी हातातली माळ टोपलीत ठेवली.

"दिसू दे. मले दिसलं नोतं, असंच लिव. पंच चुकला म्हनून लिव. मंग तू हात काहून वर केला, ते सांग. मले तवापासून विचाराचं होतं."

मलाही ते ठाऊक नव्हतं. पहिली दोन पानं फाडली, तीन दिवस नुसती खोडाखोड केली, आणि लिहिता लिहिता कळलं. पंच काका होते म्हणून; त्यांना फसवून जिंकायला मन धजलं नाही. परका कोणी असता तर मी बहुधा पळत राहिले असते. तेच शेवटचं वाक्य झालं.

प्रवेश मिळाला. जन्मभर जपलेला आपला बिनचूकपणा या माणसानं माझ्यासाठी कागदावर मोडू दिला, याचे उपकार कसे फेडायचे मला कळत नाही. उत्तर काय लिहिलं ते काकांनी विचारलं, तेव्हा "इंग्रजीत आहे" म्हणून मी वेळ मारून नेली. दर सुट्टीला मराठीत सांगायचं ठरवून त्यांच्या ओट्यावर जाऊन बसते, चहा पिते, फुलांचे भाव ऐकते, आणि तशीच परत येते.