रुपयावरचा कमावलेला रंग

बाबा तसे शांत, पण खोटा रंग चढवलेला रुपया दिसला की त्यांचं डोकं सटकायचं. अमरावतीला कापसाच्या एका जिनात ते कारकून होते आणि सुट्टी मिळाली की जुनी नाणी पाहायला अकोला, अकोट असे हिंडायचे. विकत क्वचितच घ्यायचे. आई म्हणायची, पाह्याले जातात का भांडाले, देवालेच माहीत.

चांदीचा रुपया वर्षानुवर्षं पडून राहिला की त्यावर आपोआप रंग चढतो. कडेला पिवळसर, मग तांबूस, आत जाता जाता निळा. हौशी लोक त्या रंगासाठी जास्त पैसे मोजतात, म्हणून लबाड विकणारे घासूनपुसून लख्ख झालेल्या रुपयावर तोच रंग घरी चढवायचे. बाबांनी या दोन्हींना आपले शब्द ठेवले होते: कमावलेला आणि फासलेला. माझ्या हातात भिंग देऊन ते शिकवायचे. रुपयावरचे ओरखडे पाहा. ओरखडा रंगाला चिरत गेला असेल आणि त्यात पांढरी चांदी दिसत असेल तर रंग जुना. ओरखड्याच्या पोटातही निळं उतरलं असेल तर आधी घासलंय, मग फासलंय.

मी कॉलेजात होते तेव्हा एकदा अकोल्याला त्यांच्यासोबत गेले होते. बाजारात चादर पसरून बसलेल्या एकानं इंग्रजांच्या राणीचा छाप असलेला, मोरपिसासारख्या रंगाचा रुपया पुढे केला. बाबांनी तो नाकाशी नेला आणि चारचौघांत म्हणाले, "राजा, अंड्याचा वास येऊन राह्यला तुह्या राणीले." उकडलेलं अंडं फोडून रुपयासोबत डब्यात बंद करून ठेवलं की रंग चढतो, हे त्यांनी तिथे जमलेल्या सगळ्यांना सांगितलं आणि घरी येऊन आईलाही सांगितलं. आईनं कानांवर हात ठेवले. आमच्या घरात अंडं हा शब्दसुद्धा निघत नसे.

बाबांचा स्वतःचा लाडका रुपया एकच होता, राणीछाप. त्यांचा मोठा भाऊ रंगूनला नोकरीला गेला तेव्हा निघताना यांच्या हातावर ठेवून गेलेला. मग लढाई आली, आणि भावाचा ना निरोप आला ना तो आला. बाबांनी तो रुपया कागदात गुंडाळून पत्र्याच्या डबीत ठेवला. दर पावसाळा संपला की उघडून पाहायचे. रंग जरा आत सरकलेला असायचा. "दादा नाही आला," एकदा मला म्हणाले, "पण पाह्य, किती वर्सं येऊन राह्यले."

त्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी बाबा अकोल्याला गेले होते, संध्याकाळपर्यंत येणार होते. आईनं रिवाजाप्रमाणे घरातली चांदी चिंच आणि राख लावून घासली. ताम्हन, निरांजन, पूजेचे चार रुपये. मग तिच्या मनात आलं, भाऊजींचा रुपयाही यंदा लक्ष्मीपुढे ठेवावा, एखादवेळी देवी त्यांना घरी आणेल. पण असा काळानिळा रुपया देवीपुढे ठेवायचा कसा? तिनं तोही घासला. चांगला जोर लावून घासला. मी रांगोळी काढून आत आले तेव्हा पाटावर पाच रुपये होते, पाचही पांढरेशुभ्र.

बाबा आले, हातपाय धुऊन पूजेला बसले आणि पाटाकडे पाहतच राहिले. मला वाटलं, आता काही खरं नाही. पण ते ओरडले नाहीत. पूजा केली, आरती म्हटली, पाचवा रुपया उचलून डबीत ठेवला. अनारसा ताटात तसाच राहिला. रागावले असते तर बरं झालं असतं. पुढे कितीतरी दिवस ते घरात नीट बोललेच नाहीत. रविवारचं अकोल्याला जाणंही बंद झालं.

तुळशीचं लग्न झाल्यावर एका दुपारी मला मागच्या अंगणात धूर दिसला. आई विटांची चूल मांडून बसली होती. चुलीवर एक फुटकं पातेलं आणि पातेल्यात अंडं. शेजारणीकडून पदराखाली लपवून आणलेलं. तोंडाला पदर बांधून, डोळे जवळजवळ मिटून तिनं ते फोडलं, रुपयासोबत डब्यात कोंडलं आणि डबा विहिरीजवळ ठेवला. मग डोक्यावरून आंघोळ केली. मला एवढंच म्हणाली की तोंड उघडशील तर पाह्य.

दोन दिवसांनी तिनं डबी बाबांपुढे ठेवली. "अवो, रंग परत आला वाटते," असं म्हणून स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभी राहिली. बाबांनी डबी उघडली. वास मलाही आला. ते भिंग लावून बराच वेळ पाहत राहिले, मग भिंग माझ्याकडे दिलं. राखेचे केसाएवढे ओरखडे राणीच्या गालभर पसरले होते आणि प्रत्येक ओरखड्याच्या पोटात निळं उतरलं होतं. मी बाबांकडे पाहिलं. ते आईकडे पाहत होते.

"कमावलेला हाये," बाबा म्हणाले.

आई दाराशीच रडायला लागली. बाबा म्हणाले, भूक लागली, काही आहे का खायला. पुढच्या रविवारी ते अकोल्याला गेले.

आता दोघंही नाहीत. रंगूनचा काका तर कधी आलाच नाही. दिवाळी जवळ आली की मला माझ्या मायबापाची इतकी सय येते की घर खायला उठतं. तो रुपया आता माझ्याकडे आहे. लक्ष्मीपूजनाला मी तो पाटावर ठेवते, न घासता. सून दरवर्षी म्हणते, आई, किती काळा पडलाय, द्या घासून देते. मी तिचा हात धरते. राहू दे बाई, म्हणते, माझ्या मायनं कमावला आहे तो रंग.