आईच्या क्लिपा

थोरलीनं आईच्या विणकामाचं चॅनल काढलं ते सहज, वडील गेल्यावर आईचं मन रमावं म्हणून. खिडकीजवळ खुर्ची, मांडीवर लोकर, समोर स्टँडवर फोन. आई पाऊण पाऊण तास शिकवायची आणि बघायला चार-दोन मावश्या. मग थोरली त्या लांबलचक व्हिडिओंच्या छोट्या क्लिपा कापू लागली, आणि चॅनल असं धावत सुटलं की थोरलीच्या ऑफिसातला शिपाईसुद्धा "आजींनी आज काय विणलं?" म्हणून विचारायचा.

कापायची रीत साधी. खोकला, 'अं', मधलं गप्प राहणं, सगळं काढायचं. उरायची ती तरतरीत आई, "टाका चुकला तर सासूसारखं तोंड करू नका, उसवा आणि पुढे चला" म्हणणारी.

गप्प राहणं वाढत चाललंय, हे म्हणूनच एकट्या थोरलीला कळलं. आधी आई शब्दाला अडखळायची. नंतर सुया धरून भिंतीकडे बघत बसू लागली. एकदा मांडीवरचं विणकाम उचलून तिनं विचारलं, "हे कुणी आणून ठेवलं इथं?" थोरलीनं तेही कापलं. आईचं हसं होऊ नये, एवढंच मनात होतं. डॉक्टरांसमोर तर आई अशी खुलली, की त्यांनी वयावर ढकलून दिलं.

तेवढ्यात धाकट्या भावाचा फोन आला. बायकोची रजा संपत होती, बाळाला सांभाळायला आई हवी होती. दिवसभर घरात आई आणि बाळ, दोघंच.

"तिच्या एकटीवर बाळ सोडू नकोस," थोरली म्हणाली. "परवा दूध उतू जाऊन भांडं जळलं. शेजारीच उभी होती ती."

"ताई, मी रोज बघतो तिला. ठणठणीत आहे."

"क्लिपा बघतोस तू."

"त्यात काय दुसरी आई असते? सरळ सांग ना, चॅनल बंद पडेल म्हणून जीव वरखाली होतोय."

थोरलीनं एक अख्खा, न कापलेला व्हिडिओ पाठवला. दोन दिवसांनी विचारलं तर म्हणाला, "एवढं लांब कोण बघत बसणार? सुरुवात पाहिली. छान आहे."

मग आजवर जे फेकत आली होती, तेच तिनं वेचून जोडलं. अडखळणं, भिंत, 'हे कुणी आणून ठेवलं'. अर्ध्या मिनिटाची क्लिप झाली. ती धाकट्याला पाठवली.

उत्तर लगेच आलं. ओळभर हसरे चेहरे आणि खाली भावजयीचा निरोप: 'आई कसला अभिनय करतात! ताई, ही टाकाच.'

थोरलीनं फोन करून रडत सांगितलं, हा अभिनय नाही. धाकटा मऊ आवाजात म्हणाला, "तू दमलीयेस ताई. आईला इकडे येऊ दे, तुलाही आराम मिळेल."

रविवारी तो न्यायला आला. बाळासाठी मोजे विणायचे म्हणून आई पिशवीत लोकर भरून खुशीत बसली होती. बॅग गाडीत ठेवून तो परत आला, तेव्हा थोरलीचा फोन आईच्या हातात होता. मोज्यांचीच क्लिप चालू होती, आईनं शिकवलेली.

"छान शिकवते हं ही बाई," आई म्हणाली. "फार भरभर बोलते पण. जरा दम घे म्हणावं तिला."

थोरलीनं धाकट्याकडे पाहिलं. त्याला हसू आवरत नव्हतं.

"चल आई," तो म्हणाला, "बाळालाही दाखव ही गंमत," आणि पिशवी उचलून पुढे झाला.